बंदरावरची चिरीमिरी आणि बांधावरचा भाव

कस्टम म्हटले की आपल्या डोळ्यापुढे विमानतळ, सोन्याची बिस्किटे आणि पेपरातला धाडीचा फोटो येतो. त्या खात्याशी आपला काय संबंध, असे निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला किंवा लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर लावून बसलेल्या कांदा उत्पादकाला वाटले तर नवल नाही. आपली सरकारदरबारी उठबस तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत, फार तर बाजार समिती आणि सोसायटीपर्यंत. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, ज्या दिवशी आपला माल समुद्रापार जाऊ लागला, त्या दिवशी न्हावा शेवाचे कस्टम हाऊस आपल्या बांधाला येऊन टेकले. तिथे टेबलावर कागद अडला की इथे वेलीवरच्या मालाचा भाव पडतो. मधले दोनशे किलोमीटर नावाला आहेत.

ज्यांनी महानगरपालिकांचे जकात नाके पाहिले आहेत त्यांना हे फार समजावून सांगायला नको. शहराच्या तोंडाशी ट्रकांची रांग, हातात चालान घेऊन पळणारा क्लीनर, आणि खिडकीआड निवांत बसलेला माणूस. ट्रकवाल्याला घाई असते, नाक्यावरच्याला नसते. या दोन घड्याळांतल्या फरकावरच तिथली चिरीमिरी चालायची. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली आणि राज्यातला हा विषय संपला. पण देशाच्या तोंडाशी एक नाका आहेच, त्याचे नाव कस्टम, म्हणजे सीमाशुल्क खाते. तो नाका हवाच. प्रश्न एवढाच आहे की तिथे कायदा चालावा की वजन.

कंटेनर जातो कसा?

लाच कुठे मागितली जाऊ शकते हे समजायचे तर आधी माल जातो कसा हे माहीत पाहिजे. द्राक्षाचेच घ्या. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी आधी करावी लागते. २००६ पासून अपेडाच्या 'ग्रेपनेट' या संगणक व्यवस्थेत प्लॉट, फवारण्या, नमुना, पॅकहाऊस असा सगळा माग ठेवला जातो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट येतो, तो पास झाला तर तोडणी. पॅकहाऊसमध्ये प्रतवारी, पॅकिंग, प्रीकूलिंग. मग अॅगमार्कचा दाखला आणि वनस्पती संरक्षण खात्याचे फायटो सर्टिफिकेट. इथपर्यंतचे बहुतेक आपल्या ओळखीचे आहे.

इथून पुढचे बहुतेकांना माहीत नसते. निर्यातदाराचा कस्टम एजंट 'शिपिंग बिल' भरतो. त्यात माल काय, किती, किमतीला किती, कुठे चालला, हे सगळे लिहिलेले असते. कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावून तो रीफर ट्रेलरवर न्हावा शेवाकडे निघतो. तिथे संगणक ठरवतो की हा माल तसाच सोडायचा, कागद तपासायचे, की कंटेनर उघडून पाहायचा. सगळे ठीक असले की अधिकारी 'लेट एक्स्पोर्ट ऑर्डर' देतो, म्हणजे जहाजावर चढवायची परवानगी. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील कलम ५१ म्हणतात ते हेच. ही परवानगी नसेल तर जहाज तोंडासमोर उभे असले तरी पेटी चढत नाही.

आता पाहा, या साखळीत माणसाच्या मर्जीवर चालणाऱ्या जागा किती आहेत. वर्णनात एक शब्द चुकला, वजनात थोडा फरक आला, दाखल्यावरचा क्रमांक शिपिंग बिलाशी जुळला नाही, किंवा काहीच चुकले नाही पण "साहेब जेवायला गेलेत, उद्या बघू" असे उत्तर मिळाले. कंटेनर उघडायचा ठरला तर तो आज उघडायचा की परवा, चार पेट्या काढायच्या की चाळीस, हेही तिथल्या माणसावर. कायदा त्याला तपासणीचा अधिकार देतो, आणि तो दिलाच पाहिजे. पण ज्या अधिकाराला वेळेचे बंधन नाही आणि कारण लिहायची सक्ती नाही, त्याला बाजारात किंमत येते.

नाशवंत मालाला दुप्पट मार

लोखंडाचे नट-बोल्ट आठ दिवस बंदरावर पडले तर व्याज जाते, माल जात नाही. द्राक्षाचे तसे नाही. शून्य-एक अंश तापमानाला ठेवलेला घड बाहेरच्या उकाड्यात उघडा पडला की मण्यावर पाणी सुटते. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओल धरली की एकदम गॅस सोडतो. मण्यांवर पांढरे डाग पडतात, देठ सुकतो, आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात कूज लागते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून गेली, आणि प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला. अशा वेळी बंदरावरचा एकेक दिवस सोन्याचा होता. हे जितके आपल्याला ठाऊक, तितकेच अडवणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून नाशवंत मालाचा निर्यातदार सगळ्यात आधी खिशात हात घालतो.

गावातल्या चर्चासत्रात एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, व्यापाऱ्याने दिले असतील चार पैसे, आपल्याला काय त्याचे?" त्याचे उत्तर आकड्यांत देतो. हे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

समजा एका रीफर कंटेनरमागे निरनिराळ्या हातांवर मिळून सहा हजार रुपये गेले. कंटेनरमध्ये माल बारा टन, म्हणजे १२,००० किलो. किलोला पडले ५० पैसे. पन्नास पैशांनी काय होते? तुमची पाच एकर बाग आहे आणि एकरी चार टन माल एक्स्पोर्टला गेला, तर २०,००० किलोवर दहा हजार रुपये झाले. एक फवारणी त्यात निघाली असती.

पण खरा घाव हा नाहीच. खरा घाव भीतीचा आहे. निर्यातदार मनात धरून चालतो की वीस कंटेनरमधला एक तरी अडकेल, जहाज चुकेल आणि माल अर्ध्या किमतीला जाईल. बारा लाखांच्या कंटेनरमध्ये सहा लाखांची खोट. ती वीस कंटेनरवर वाटली तर कंटेनरमागे तीस हजार, म्हणजे किलोला अडीच रुपये. ही रक्कम तो कुठून काढणार? लंडन-रॉटरडॅमचा गिऱ्हाईक एक पै जास्त देत नाही, कारण त्याच्याकडे चिली आहे, दक्षिण आफ्रिका आहे, पेरू आहे. जहाज कंपनी भाडे सोडत नाही. राहिला कोण? बांधावर सौदा करताना "यंदा मार्केट टाईट आहे" असे सांगून तो अडीच रुपये तुमच्या भावातून आधीच कापून ठेवतो. तुमच्या २०,००० किलोवर हे झाले पन्नास हजार. चिरीमिरीच्या पाचपट. आणि यातला एक रुपयासुद्धा लाचखोराच्या खिशात जात नाही, नुसता वाया जातो. कंटेनर अडला नाही तरी तुमचे पैसे कापले जातात, हे नीट ध्यानात घ्या.

दुसरी लाच: चोराला वाट देणारी

वर सांगितली ती अडवणुकीची लाच. खऱ्या कामाला पैसे मागितले जातात. दुसरी जात याहून वाईट, कारण तिच्यात देणारा आणि घेणारा दोघेही खूष असतात. खोटे काम व्हावे म्हणून पैसे दिले जातात. माल एक आणि कागदावर दुसरा, किंमत शंभर आणि दाखवली चाळीस, देश एक आणि शिक्का दुसऱ्याचा. इथे तक्रार करणारा कोणी नसतोच. मार बसतो तो तिसऱ्याला, आणि तो तिसरा बहुधा शेतकरी असतो.

चिनी लसणाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. बुरशीच्या धोक्यामुळे २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी आली. तरी नंतरच्या वर्षांत तो देशाच्या बाजारांत वारंवार सापडला, नेपाळच्या बाजूने चोरून आलेला. बेदाण्याचेही तेच. २०२५ मध्ये द्राक्ष बागायतदारांनी ओरड केली की चिनी बेदाणा शुल्क चुकवून बाजारात येतो आहे आणि सांगली, सोलापूर, नाशिकच्या बेदाण्याचा भाव पाडतो आहे. राज्याकडून केंद्रीय अर्थमंत्र्यांकडे पत्रे गेली. प्रत्येक चोरटी गाडी लाच देऊनच आत आली असे कोणी म्हणू नये, सीमा लांब आहे आणि आडवाटा पुष्कळ. पण नाक्यावरच्या दहा जणांतला एक जरी विकला गेला तरी बाकी नऊ जणांची मेहनत फुकट जाते. यालाच आपल्याकडे कुंपणाने शेत खाणे म्हणतात.

जकात ही राज्याची नुसती कमाई नसते, आपल्या माणसाच्या मालाचे ते कुंपण असते, ही समज आपल्या मातीत जुनी आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि संगमेश्वरच्या मिठाचा खप बसला, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये आपल्या सरसुभेदाराला पत्र लिहून बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले होते. ते धोरण शहाणपणाचे होतेच. पण नाक्यावरचा माणूस दोन पैशांत फुटला असता तर त्या हुकुमाचा उपयोग काय झाला असता, याचा विचार करा. धोरण राजधानीत ठरते, ते खरे होते की खोटे हे नाक्यावर कळते.

रातोरात हुकूम, आणि दलालांची दिवाळी

इथे एक गोष्ट सरकारला स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लाच नुसती माणसाच्या लोभातून वाढत नाही. धरसोडीच्या धोरणातूनही वाढते. कांद्याची कथा आठवा. १९ ऑगस्ट २०२३ ला अचानक ४० टक्के निर्यात शुल्क लागले. लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदीच आली. आधी मुदत ३१ मार्च २०२४ ची होती, ती पुढे वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते शेवटी १ एप्रिल २०२५ ला हटले. वीस महिन्यांत निदान पाच वेळा नियम फिरला.

प्रत्येक वेळी बंदरावर तोच घोळ. कस्टमच्या ताब्यात गेलेल्या मालाला सूट, वाटेवरच्या ट्रकमधल्या आणि पॅकहाऊसमधल्या मालाला नाही. मग कुठला कंटेनर कितीच्या ठोक्याला आत आला, हे ठरवण्याला लाखमोलाची किंमत येते. सरळ व्यापारी हात जोडून घरी बसतो. ज्याची आत ओळख आहे आणि ज्याला कांद्यावर दुसरे नाव चिकटवायची लाज नाही, तो या काळात पैसा करतो. शेतकरी इथे आठ-दहा रुपयांनी कांदा ओततो आणि परदेशात त्याच कांद्याला चढा भाव असतो. मधली दरी जितकी रुंद, तितकी लाच द्यायला ताकद जास्त. म्हणून निर्यात धोरण स्थिर ठेवणे हा भ्रष्टाचार रोखण्याचाच एक उपाय आहे. नुसती छापासत्रे करून हे साधणार नाही.

काय झाले, काय राहिले

काहीच सुधारले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कस्टमचे काम संगणकावर येऊ लागले. २००५ पासून 'रिस्क मॅनेजमेंट' पद्धत आली, तेव्हापासून कुठला माल तपासायचा हे बव्हंशी संगणक ठरवतो. २०१६ मध्ये निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्यांसाठी एक खिडकी आली. २०१७ पासून निर्यातदाराला आपल्या जागेवरच इलेक्ट्रॉनिक सील लावता येते, त्यासाठी इन्स्पेक्टरला गाडी पाठवून आणायची गरज राहिली नाही. २०२० मध्ये आयातीचे मूल्यांकन 'फेसलेस' झाले. माल मुंबईत आणि कागद तपासणारा भलत्याच शहरात, कोण ते व्यापाऱ्याला कळत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराला भारताने २०१६ मध्ये मान्यता दिली. त्यानंतरच्या राष्ट्रीय आराखड्यात समुद्री बंदरावरचा निर्यात माल २४ तासांत आणि विमानतळावरचा १२ तासांत मोकळा करण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

तरीही रोग गेलेला नाही. न्हावा शेवापासून देशातल्या इतर बंदरांपर्यंत कस्टमच्या माणसांना लाच घेताना सीबीआयने पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत अनेकदा आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये चेन्नईच्या एका आयातदार कंपनीने, लाचेसाठी छळ होतो असा जाहीर आरोप करून आपला आयात-निर्यातीचा धंदाच बंद करीत असल्याचे सांगितले. खात्याने आरोप नाकारला आणि कंपनीच्याच कागदांत खोट असल्याचे म्हटले. अर्थ मंत्रालयाला चौकशी लावावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही पुढची मोठी साफसफाई कस्टमची करायची आहे, असे जाहीरपणे सांगितले. घरच्या कर्त्या माणसानेच झाडू हातात घेतो म्हटले, म्हणजे घरात कचरा आहे हे वेगळे सांगायला नको.

संगणक आला तरी लाच राहते कशी? कारण कागद पाहणारा दूर गेला, पण कंटेनर उघडणारा हात बंदरावरच आहे. आणि संगणकही शेवटी माणसाच्याच ताब्यात असतो. मादागास्कर देशातल्या तोआमासिना बंदरातला प्रकार ऐकण्यासारखा आहे. तिथे आलेला माल कुठल्या इन्स्पेक्टरकडे जाणार हे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे, अशी पद्धत होती. जागतिक बँकेच्या संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की काही माल ठराविक इन्स्पेक्टरांकडेच जात होता, आणि नेमक्या त्याच मालाची किंमत कमी दाखवलेली असायची. संगणक विभागातलाच कोणी तरी फितूर होता. म्हणजे यंत्र बसवून झाले की काम संपले, असे नाही. यंत्रावरही बाहेरच्याची नजर लागते.

उलट कॅमेरूनने २०१० मध्ये दुआला बंदरात एक साधा उपाय केला. इन्स्पेक्टरांशी कामाचा करार. माल किती वेळात सोडला, महसूल किती वाढवला, याची दर महिन्याला मोजणी. चांगले काम करणाऱ्याला शाबासकी व बक्षीस, खराब करणाऱ्याला समज आणि मग बदली. माल लवकर सुटू लागला आणि महसूलही वाढला. वेग आणि महसूल एकमेकांचे वैरी नाहीत, हे तिथे दिसले. आपल्याकडे "घाई केली तर चोरी वाढेल" असे सांगितले जाते, त्याला हे उत्तर आहे.

सरकारकडे काय मागायचे?

आपल्या खासदारांना, निर्यातदारांच्या संघटनांना आणि द्राक्ष-कांदा-डाळिंब बागायतदारांच्या संघांना पुढील मागण्या लावून धरता येतील.

एक, कंटेनर अडवला तर कारण त्याच वेळी संगणकावर लिहिले गेले पाहिजे, आणि ते निर्यातदाराला दिसले पाहिजे. तोंडी अडवणूक बंद.

दोन, नाशवंत मालाची वेगळी रांग आणि ठरलेले तास. तास उलटले की फाईल आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावी, आणि उशिराचा जाब त्याने द्यावा. कंटेनर उघडायचाच तर शीतगृहाच्या धक्क्यावर उघडावा.

तीन, कुठल्या बंदरावर कुठल्या शेतमालाला सरासरी किती तास लागले, हे दर महिन्याला जाहीर व्हावे. जे मोजले जाते ते सुधारते. दूध डेअरीवर फॅट लागते म्हटल्यावर दुधात पाणी कमी होते, तसेच हे.

चार, निर्यातीचा नियम बदलायचा तर आधी काही दिवसांची सूचना, आणि झालेल्या सौद्यांना संरक्षण.

पाच, लाच घेणाऱ्याबरोबर ती गोळा करणारा एजंटही धरला जावा. पुष्कळदा "साहेबांना द्यायचे आहेत" म्हणून घेतलेले पैसे साहेबांपर्यंत पोचतच नाहीत, मधलाच खातो आणि बदनामी साहेबाची होते. सचोटीचे अधिकारी या खात्यात पुष्कळ आहेत. सगळ्यांना एका माळेत ओवले तर त्यांचा हुरूप जातो आणि लबाडांचे फावते.

आणि आपण काय करायचे?

सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. लाच मागणाऱ्याला आधी निमित्त लागते, आणि ते निमित्त पुष्कळदा आपल्याच कागदांतून मिळते. प्लॉटची नोंदणी एकाच्या नावे, सातबारा दुसऱ्याच्या, माल तिसऱ्याच्या बागेतला. फवारणीची वही तोडणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेली. शेजाऱ्याचे चार क्रेट आपल्या मालात मिसळलेले. अशा मालामागे उभा राहणारा निर्यातदार बंदरावर ताठ मानेने बोलूच शकत नाही, तो मिटवामिटवीच करतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे किती हाल झाले, हे जिल्हा विसरलेला नाही. तेव्हा फवारणीची नोंद रोजच्या रोज, औषधाच्या पावत्या जपून, आणि नमुना आपल्याच बागेचा. कागद चोख असेल तर अर्धी अडवणूक दारातच मरते.

दुसरे, हिशेब मागा. निर्यातदाराची पट्टी हातात आली की आपण शेवटचा आकडा पाहतो आणि घडी घालून खिशात ठेवतो. तसे करू नका. वाहतूक किती, पॅकिंग किती, जहाजभाडे किती, एजंटची फी किती, हे सुटे लिहून मागा. 'इतर खर्च' या एका ओळीत पुष्कळ काही लपते. दहा शेतकऱ्यांनी विचारले तर व्यापारी चिडेल, शंभरांनी विचारले तर लिहून देईल.

तिसरे, एकत्र या. एकट्या बागायतदाराला बंदर कळत नाही आणि बंदराला तो दिसत नाही. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली आणि शेतकऱ्याची संघटना स्वतः निर्यात करू शकते हे दाखवून दिले. आज गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. ज्या निर्यातीत उतरल्या आहेत त्यांनी अडवणुकीची वही ठेवावी. तारीख, कंटेनर क्रमांक, किती तास थांबला, कोणते कारण सांगितले, कोणी पैसे मागितले. अशा वीस नोंदी एकत्र आल्या की ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो.

चौथे, कायदा समजून घ्या. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे, त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणे हाही सरळ गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. पण ज्याला बळजबरीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण आहे. आधीच कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तरीही तो गुन्हा ठरत नाही. हे सात दिवस लक्षात ठेवा. तलाठी, ग्रामसेवक अशा राज्याच्या नोकरांबाबत आपण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करतो. कस्टम हे केंद्राचे खाते, त्याची तक्रार सीबीआयच्या मुंबईच्या लाचलुचपत विरोधी शाखेकडे किंवा दिल्लीच्या केंद्रीय दक्षता आयोगाकडे करावी. आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करायचीही सोय आहे. बंद पाकिटावर 'पीआयडीपीआय' असे लिहायचे, आपले नाव-पत्ता पाकिटावर न घालता आतल्या कागदावर घालायचा. निनावी अर्जाची मात्र तिथे दखल घेत नाहीत.

यावर काही जण म्हणतील, तक्रार केली तर पुढचा कंटेनर अडकवतील, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने लढू नये, संघटनेच्या लेटरहेडवर, सगळ्यांच्या नावाने तक्रार जावी. एका कंटेनरचा सूड घेता येतो. हंगामातल्या सगळ्या कंटेनरचा घेता येत नाही.

बंधू-भगिनींनो, थंडीत पहाटे उठून भुरीसाठी बाग चाळणारे, गारपिटीच्या रात्री आभाळाकडे पाहत बसणारे आपण. आभाळापुढे आपला इलाज नाही. टेबलाखालच्या हातापुढे आहे. यंदा सौदा करायला व्यापारी बांधावर येईल तेव्हा भावाबरोबर एवढे जरूर विचारा: "शेठ, बंदरावर किती जातात, आणि ते कोणाच्या भावातून?" उत्तर टाळले, तर ते आपल्याच भावातून जातात असे खुशाल समजा, आणि पुढच्या बैठकीत हा विषय संघासमोर मांडा.